कॅथोडचा हिशेब

मीठ स्वस्त आहे, समुद्राला अंत नाही, आणि म्हणून सोडियमची बॅटरी लिथियमच्या बॅटरीहून स्वस्त पडणारच, असा जो समज गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांच्या मथळ्यांवरून लोकांच्या मनात दृढ झाला आहे, तो अर्धाच खरा आहे. भूकवचात सोडियमचे प्रमाण २ टक्क्यांहून अधिक आणि लिथियमचे लाखात अवघे २ भाग, हे निर्विवाद. परंतु नुसत्या मिठाची बॅटरी होत नाही. सोडियमच्या आयनाची त्रिज्या १.०२ अँगस्ट्रॉम, लिथियमच्या आयनाची ०.७६, सोडियमचा अणू लिथियमच्या तिपटीहून जड, आणि त्याच्यापासून मिळणारा विद्युद्दाब सुमारे ०.३ व्होल्टने कमी. अशा या आयनाला हजारो वेळा आत घ्यावयाचे, हजारो वेळा बाहेर सोडावयाचे, आणि तरीही आपली स्फटिकरचना ढळू द्यावयाची नाही, हे काम ज्या द्रव्याकडे सोपवलेले असते ते बॅटरीच्या धन बाजूचे द्रव्य, म्हणजे कॅथोड. बॅटरी बांधली जाते त्या वेळी ऋण बाजूचा कठीण कार्बन रिकामा असतो आणि तिच्यातील कामाचे बहुतेक सगळे सोडियम कॅथोडच्याच ठायी असते. तेव्हा कॅथोड जसा, तशी बॅटरी.

हा कॅथोड सुधारावा तो कोणत्या दिशेने, याविषयी माझ्या एका स्नेह्यांच्या घरी जो वाद मी ऐकला, तो मला इतका मोलाचा वाटला की त्याची टिपणे मी जपून ठेवली. स्नेही शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांच्या कारखान्यात उत्पादनाची जबाबदारी सांभाळून निवृत्त झालेले, आणि त्यांची भाची पुण्याच्या एका प्रयोगशाळेत याच विषयावर संशोधन करणारी. ती त्यांना मामा म्हणते, म्हणून या लेखापुरते मीही त्यांना मामाच म्हणतो.

मामांनी आरंभच जमाखर्चापासून केला. "तुम्ही संशोधक मंडळी कॅथोडच्या एका ग्रॅमची गोष्ट सांगता, कारखान्याला एका किलोवॉट-तासाची किंमत मोजावी लागते. समज, एका सेलची ऊर्जाघनता किलोला १६० वॉट-तास आहे आणि दुसऱ्याची ११०. पहिल्या जातीचे सव्वासहा किलो सेल घेतले की एक किलोवॉट-तास भरला; दुसऱ्या जातीचे नऊ किलोंहून अधिक घ्यावे लागतात. हे जे जवळजवळ तीन किलोंचे अंतर, त्यात नुसता तुझा स्वस्त कॅथोड नाही. त्यात ॲल्युमिनियमचा वर्ख आहे, इलेक्ट्रोलाइट आहे, सेपरेटर आहे, कठीण कार्बन आहे, डबा आहे, मजुरी आहे, कोरड्या खोलीची वीज आहे. कॅथोडच्या खात्यात वाचवलेला रुपया या बाकीच्या खात्यांत केव्हाच खर्ची पडतो. म्हणून माझे म्हणणे असे की कॅथोड सुधारणे म्हणजे प्रथम त्याची धारणक्षमता आणि विद्युद्दाब वाढवणे. आणि ते सामर्थ्य आज स्तरित ऑक्साइडांत आहे, तुझ्या लोह-फॉस्फेटात नाही."

येथे वाचकासाठी थोडा खुलासा करणे प्राप्त आहे. स्तरित ऑक्साइडांत निकेल, लोह, मँगनीज यांसारख्या धातूंचे आणि ऑक्सिजनचे थर एकावर एक रचलेले असतात, आणि दोन थरांमधल्या अंतरात सोडियम राहते. फ्रान्समधील बोर्दो येथील क्लोद देल्मास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये या रचनांना ओ-३, पी-२ अशी जी नावे दिली, ती आजही रूढ आहेत. त्यातले अक्षर सोडियमच्या भोवतीची ऑक्सिजनांची मांडणी सांगते आणि आकडा किती थरांनंतर रचनेची पुनरावृत्ती होते ते सांगतो. मामांचा पक्ष ओ-३ जातीच्या निकेल-लोह-मँगनीज ऑक्साइडाचा. भाचीचा पक्ष बहुऋणायनी द्रव्यांचा, ज्यांत फॉस्फेट किंवा सल्फेट यांचे गट धातूंना सर्व बाजूंनी जखडून एक त्रिमितीय सांगाडा उभा करतात. त्यातही तिचा भर लोहाच्या फॉस्फेट-पायरोफॉस्फेटावर, ज्याच्या सूत्रात सोडियमचे ४ अणू, लोहाचे ३, फॉस्फेटचे २ गट आणि पायरोफॉस्फेटचा १ गट असतो. तिसरे कुळ प्रशियन ब्लू या जुन्या निळ्या रंगाचे. त्याच्या स्फटिकात अडकून बसणारे पाणी पुरते घालवणे अवघड, म्हणून दोघांनीही ते त्या दिवशी बाजूला ठेवले.

"मामा, तुमचा हिशेब चुकीचा नाही," भाची म्हणाली, "पण तो खरेदीच्या दिवसाचा हिशेब आहे. सोडियम बाहेर पडू लागले की तुमच्या ऑक्साइडाचे थर एकमेकांवरून सरकतात, ओ-३ ची पी-३ होते, आणि चार्ज आणखी वाढवला की रचना आणखी बदलते. निकेल-मँगनीजच्या पी-२ ऑक्साइडात तर ४.२ व्होल्टच्या आसपास थरच जवळ कोसळतात आणि स्फटिकाचे आकारमान २० टक्क्यांहून अधिक आक्रसते. असे रोज घडत राहिले तर कणांना तडे जाणार नाहीत तर काय होईल? लोहाचीही कथा तीच. नुसत्या सोडियम-लोह ऑक्साइडाची सैद्धांतिक धारणक्षमता ग्रॅमला २४० मिलिॲम्पियर-तासांच्या घरात, पण सोडियम अर्ध्याच्या आसपास निघाले की लोहाचे आयन आपली जागा सोडून सोडियमच्या वाटेत जाऊन बसतात, आणि मग गेलेले सोडियम परत यावयाला मार्गच राहत नाही. याउलट माझ्या फॉस्फेटाचा सांगाडा चार्ज आणि डिस्चार्ज यांमध्ये जेमतेम ४ टक्क्यांनी हलतो."

"आणि त्याची धारणक्षमता?"

"सैद्धांतिक १२९. विद्युद्दाब सरासरी ३.१ व्होल्ट."

"म्हणजे सगळे गणित कागदावर पुरे वसूल झाले तरी कॅथोडच्या किलोमागे ४०० वॉट-तास. लिथियम-लोह-फॉस्फेट तेथे पावणेसहाशेच्या घरात आहे. अगं, सूत्रात सोडियमचे चार अणू घालतेस, आणि लोहाचे तीनच असल्यामुळे बाहेर तीनच निघतात. चौथा जन्मभर आत बसून नुसते वजन वाढवतो. हे कारखान्याने का सोसावे?"

मामांचा हा घाव नेमका होता, आणि भाचीने तो कबूल केला. परंतु मग तिने जे सांगितले ते मला या विषयाचे मर्मच वाटते. लिथियम-लोह-फॉस्फेटात लिथियमच्या जागी सोडियम घालून मोकळे व्हावे, असे कोणालाही वाटेल. निसर्गाने ती सोय ठेवलेली नाही. सोडियम-लोह-फॉस्फेट भट्टीत तापवले की ते स्वभावतः मॅरिसाइट नावाच्या खनिजाची रचना धारण करते, आणि त्या रचनेत सोडियमला ये-जा करण्यास मार्गच नसतात. त्याच धातूचे, त्याच फॉस्फेटाचे, पण विद्युत्दृष्ट्या निर्जीव असे हे द्रव्य. पायरोफॉस्फेटाचा गट मध्ये आणावा लागतो आणि चौथ्या सोडियमचे ओझे पत्करावे लागते, ते ही कोंडी फोडण्यासाठी. आणि भट्टीचे तापमान किंवा कच्च्या मालाचे प्रमाण जरा ढळले की तेच मॅरिसाइट अशुद्धी म्हणून परत डोके वर काढते. सोल येथील किसुक कांग यांच्या गटाने २०१२ मध्ये हे मिश्र फॉस्फेट पुढे आणले. त्यानंतर दोन वर्षांनी टोकियोत प्रबीर बर्पांडा आणि आत्सुओ यामादा यांनी सोडियम-लोह सल्फेटापासून ३.८ व्होल्ट मिळवून दाखवले, आणि केवळ लोहाच्या बळावर इतका दाब मिळू शकतो याचा तो पहिला पुरावा ठरला. ते सल्फेट ओल शोषून घेते आणि ४०० अंशांच्या वर टिकत नाही, हा त्याचा दोष. पण दिशा त्याने दाखवली यात शंका नाही.

मामा मात्र दिशेवर समाधान मानणारे नव्हते. "तू थर सरकतात म्हणतेस, ते सरकू नयेत याची तजवीज झालेली आहे. थोडे मॅग्नेशियम, थोडे टायटॅनियम, थोडे जस्त त्या थरांत पेरले की रचना आवरून धरली जाते. बीजिंगच्या विज्ञान अकादमीतल्या मंडळींनी निकेल काढून तांबे घातले, आणि त्याच तांबे-लोह-मँगनीजच्या ऑक्साइडावर हिना ही कंपनी उभी राहिली. तिच्या बॅटरीवर चालणारी मोटार २०२३ च्या फेब्रुवारीत लोकांपुढे आली. इंग्लंडच्या फॅराडियनचा कॅथोड स्तरितच. ती कंपनी १० कोटी पौंड मूल्याने घेण्याचा करार रिलायन्सने २०२१ च्या अखेरीस केला तो काय उगाच? चीनच्या सीएटीएलने २०२१ मध्ये किलोला १६० वॉट-तास सांगितले, २०२५ मध्ये १७५. शर्यत तेथे चालली आहे."

"शर्यत चालली आहे, पण ती मामा, कोरड्या हवेत चालली आहे," भाची म्हणाली, आणि तिने प्रयोगशाळेतल्या पावसाळ्याची हकिकत सांगितली, जी मी शक्य तितकी तिच्याच शब्दांत देतो.

"भट्टीतून काढलेली ओ-३ ऑक्साइडाची काळीभोर भुकटी आम्ही बाटलीत भरली, पण झाकण नीट बसले नव्हते. आषाढातली हवा, खिडकीच्या काचांना आतून ओल. हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड भुकटीच्या पृष्ठभागावरचे सोडियम ओढून घेतात आणि तेथे कॉस्टिक सोडा आणि धुण्याचा सोडा तयार होतो. दोन दिवसांनी भुकटीवर पांढुरकी झाक दिसू लागली. तरी आम्ही ती वापरली. पीव्हीडीएफ नावाचे जे बंधक द्रव्य स्लरीत घालतात, हा अल्क त्यातला फ्लोरिन खेचून काढतो आणि त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंततात. ढवळणारे पाते आधी जड फिरू लागले, मग स्लरी कडेला तशीच उभी राहून मधल्या मधे पाते फिरू लागले. भांडे उपडे केले तरी थेंब पडेना. दह्यासारखी विरजली होती ती. ॲल्युमिनियमच्या वर्खावर लावायची राहिली दूर, खरवडून काढायला सगळी दुपार गेली. माझी फॉस्फेटाची बाटली त्याच फडताळात होती; तिला काही झाले नव्हते."

मामा काही वेळ गप्प राहिले. कारखान्यात ज्याने पावसाळे काढले आहेत त्याला या हकिकतीचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. पुढे ते म्हणाले, "उणे ४० अंश दवबिंदूची कोरडी खोली हा त्याचा इलाज आहे, उच्च निकेलच्या लिथियम-बॅटऱ्यांसाठी तो करतातच. कणांवर ॲल्युमिनाचा पातळ थर चढवतात. तांबे आणि टायटॅनियम घातल्याने हवेतली स्थिरताही सुधारते."

"सुधारते, आणि धारणक्षमता १०० च्या आसपास उतरते. म्हणजे तुमचे पहिले कलमच गेले. शिवाय त्या कोरड्या खोलीचे वीजबिल तुमच्या सव्वासहा किलोंच्या हिशेबात धरले होते का?"

"धरले होते, पण पावसाळ्याचे धरले नव्हते," मामांनी सरळ सांगितले.

आता वादाने वळण घेतले ते निकेलवर. भाचीचा आक्षेप असा की सोडियमची बॅटरी करावयाची ती लिथियमच्या परावलंबनातून सुटण्यासाठी, आणि तिच्या कॅथोडमध्ये तिसरा हिस्सा निकेल घालावयाचे, म्हणजे एका मक्तेदाराच्या दारातून उठून दुसऱ्याच्या दारात बसणे होय. जगातल्या खाणींतल्या निकेलपैकी निम्म्याहून अधिक एकटा इंडोनेशिया काढतो. मार्च २०२२ मध्ये लंडनच्या धातुबाजारात निकेलचा भाव टनाला १ लाख डॉलरांच्या वर गेला आणि बाजाराला त्या दिवसाचे सौदेच रद्द करावे लागले. भारतात खनिजापासून निकेल काढण्याचा उद्योग जवळपास नाहीच. लोहाचे मात्र तसे नाही. पोलाद धुण्याच्या आम्लातून आणि सल्फेट-पद्धतीने टायटॅनियमचा पांढरा रंग बनवणाऱ्या कारखान्यांतून हिराकस उपपदार्थ म्हणून निघतो, तो ठेवावयाचा कोठे ही त्यांची चिंता असते, आणि फॉस्फेट-कॅथोडला लागणारे लोह त्याच हिराकसातून घेता येते.

"घेता येते, शुद्ध केल्यावर," मामा म्हणाले. "आणि मँगनीजचे काय? मी तुला भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गला घेऊन जातो. मॉइलची ती खाण. तेथले डायऑक्साइड खनिज कित्येक वर्षे टॉर्चच्या सेलांसाठी जात आले आहे, आणि तेथेच इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइड बनवतात. बॅटरीचे रसायन विदर्भाला नवे नाही. निकेल सोडायचे तर सोडू. मँगनीज आणि लोह यांचेच स्तरित ऑक्साइड करू. २०१२ मध्ये जपानच्या याबुउची आणि कोमाबा यांनी तेच करून ग्रॅमला १९० मिलिॲम्पियर-तास दाखवले होते ना?"

मामांनी ही नावे घेतली तेव्हा, मला वाटते, आपल्याच पक्षाला छेद देणारा पुरावा आपण पुढे करत आहोत हे त्यांना ठाऊक असावे, कारण भाची बोलण्यापूर्वी त्यांनीच पुढे सांगितले, "त्यात एक गोम आहे, आणि ती मी तुझ्याही शास्त्रातली समजतो. त्या ऑक्साइडात सोडियम पूर्ण नसते, दोन-तृतीयांशच असते. बटणाएवढ्या प्रायोगिक सेलमध्ये समोर सोडियम धातूची चकती ठेवलेली असते, ती उणीव भरून काढते, आणि आकडा १९० येतो. खऱ्या सेलमध्ये समोर रिकामा कार्बन. तेथे उरलेले सोडियम कोण देणार? उलट पहिल्याच चार्जला कार्बन आपल्या पृष्ठभागावरच्या आवरणासाठी काही सोडियम कायमचे गिळतो. दिवाळखोर पेढीला श्रीमंत जामीन मिळावा, तसा प्रकार होतो हा. तुमच्या निबंधांतले निम्मे आकडे या जामिनावर उभे असतात."

"हे मान्य," भाची म्हणाली. "आणि मँगनीजचे तीन-भारी आयन आपल्या भोवतीचे ऑक्सिजन ताणून रचना वेडीवाकडी करतात, इलेक्ट्रोलाइटमध्ये थोडे थोडे विरघळतात, तेही सांगायला हवे. पण तुमचा हिशेब मला आता शेवटपर्यंत न्यायचा आहे. सौर विजेच्या साठ्यासाठी वजन कोणी विचारत नाही. तेथे बॅटरी जमिनीवर उभी असते. माझी बॅटरी दुप्पट चक्रे चालली तर प्रत्येक चक्रामागची किंमत निम्मी होते की नाही?"

मामांचे उत्तर जुन्या जमाखर्चाच्या दप्तरातून आलेले होते. "होत नाही. पैसा आज घालायचा असतो, आणि तुझी वाढीव चक्रे पंधरा वर्षांनंतर येतात. मधल्या मुदतीचे व्याज कोण भरणार? रोज एक चक्र धरले तर ६००० चक्रे म्हणजे सोळा वर्षे. १०,००० म्हणजे सत्तावीस. तोपर्यंत इलेक्ट्रोलाइट, डब्याची जोडणी, यंत्रणा, सगळेच वयाने थकते. नुसत्या कॅथोडला दीर्घायुष्य देऊन काय करशील? शिवाय लिथियम कार्बोनेटचा भाव २०२२ च्या नोव्हेंबरात टनाला ६ लाख युआनच्या जवळ होता, म्हणून सोडियमचे कौतुक झाले. २०२४ मध्ये तो लाखाच्या खाली आला, आणि २०२५ मध्ये अमेरिकेची नॅट्रॉन ही सोडियम-बॅटऱ्यांची कंपनी बंद पडली. तुझा प्रतिस्पर्धी लिथियम-लोह-फॉस्फेट आहे, आणि तो स्वस्तच होत चालला आहे."

"म्हणूनच मी त्याच्याशी वजनात स्पर्धा करत नाही," भाची शांतपणे म्हणाली. "विदर्भात वैशाखात ४५ अंशांच्या उन्हात पत्र्याच्या डब्यात बॅटरी ठेवा, आणि रोज एक नव्हे, दुपारचा साठा आणि रात्रीची मागणी पाहून दोन चक्रे चालवा. मग सहा हजार चक्रे आठ वर्षांत संपतात. फॉस्फेटात ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो, तापल्यावर ऑक्साइडांप्रमाणे तो सहजी सुटत नाही. आगीचे भय कमी, थंड ठेवण्याचा खर्च कमी. हे तुमच्या जमाखर्चात कोणत्या खात्यावर मांडता?"

मामांनी तसे खाते उघडण्याचे कबूल केले. त्यांनी एक हरकत मात्र सोडली नाही: फॉस्फेट विजेचा वाहक म्हणून दुबळे, त्यामुळे त्याचे कण बारीक करून त्यांवर कार्बन चढवावा लागतो, सुमारे ५०० अंशांवर नायट्रोजनच्या वातावरणात भाजावे लागते, आणि एवढे करून हाती येणारी भुकटी इतकी फुसफुशीत असते की वर्खावर तिचा दाट थर बसत नाही. ग्रॅमच्या आकड्यांत हे दिसत नाही. लिटरच्या आकड्यांत दिसते. भाचीने यावर उत्तर दिले नाही, कारण तिचे सध्याचे काम नेमके हेच आहे: फवारून वाळवलेले गोल, भरीव कण तयार करणे.

माझे मत विचाराल तर वीजसाठ्याच्या कामी मी भाचीच्या बाजूचा आहे. ज्या देशात निकेल नाही, पावसाळा चार महिने आहे आणि उन्हाळा त्याहून कठीण आहे, त्या देशाने लोहाच्या फॉस्फेटावर आपली मुख्य शक्ती लावावी, आणि स्तरित ऑक्साइडांचे काम दुचाकी-तिचाकी वाहनांपुरते, तेही तांबे-लोह-मँगनीजच्या वाटेने, चालू ठेवावे. केपीआयटी ही कंपनी आणि आयसर ही संशोधनसंस्था यांनी २०२३ च्या डिसेंबरात पुण्यातून सोडियम-आयन बॅटरीचे तंत्र जाहीर केले, तेव्हा हा विषय आपल्या अंगणात आलेलाच आहे. आता उणीव आहे ती ग्रॅमांवरून क्विंटलांवर जाण्यासाठी लागणाऱ्या मधल्या आकाराच्या भट्ट्यांची, ज्या एकट्या विद्यापीठाला परवडत नाहीत आणि कारखान्याला खात्री पटल्याशिवाय घ्याव्याशा वाटत नाहीत. त्या सरकारने उभ्या कराव्यात आणि सर्वांना भाड्याने वापरू द्याव्यात.

पण मामांचा एक मुद्दा मी कोणत्याही पक्षाच्या वर ठेवतो. सोडियम धातूच्या चकतीसमोर मिळालेला आकडा हा कॅथोडचा आकडा नव्हे. आपल्या विद्यापीठांतील मार्गदर्शकांना माझी विनंती आहे की कॅथोडवरचा प्रबंध मंजूर करण्यापूर्वी त्यांनी विद्यार्थ्याकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: कठीण कार्बनसमोरच्या पूर्ण सेलचे मोजमाप, वर्खावर बसवलेल्या थराची घनता, आणि पावसाळ्यातल्या उघड्या हवेत चार दिवस ठेवलेल्या भुकटीची पुन्हा केलेली चाचणी.